मावशीला ॲनोरेक्सिया होता, भाचीला धोका किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्या सख्ख्या बहिणीला सतराव्या वर्षी ॲनोरेक्सिया झाला होता, वजन 31 किलोपर्यंत उतरलं होतं. आता माझी मुलगी 11 वर्षांची आहे. अभ्यासात आणि भरतनाट्यममध्ये अगदी काटेकोर. हा आजार आमच्या रक्तात आहे का? जनुकीय चाचणी करून घ्यावी का? तिला मावशीबद्दल सांगावं का? धाकटा मुलगा 7 वर्षांचा आहे, तो मोजून चार-पाचच पदार्थ खातो. त्याचाही याच्याशी संबंध आहे का?"

ॲनोरेक्सियात, म्हणजे खाणं कमी होत होत वजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवणाऱ्या आजारात, आनुवंशिक वाटा आहे आणि तो बऱ्यापैकी मोठा आहे. चाचणी करू नका, पैसे वाया जातील. मावशीबद्दल जरूर सांगा, पण कसं सांगायचं ते खाली लिहिलं आहे. मुलाचा भागही शेवटी घेतला आहे. या सगळ्याहून कामाची एक गोष्ट मात्र तुम्ही विचारलेली नाही, ती आधी सांगून टाकणं बरं: पुढची आठ-दहा वर्षं मुलीचं वजन कोणत्याही कारणाने घटू द्यायचं नाही, आणि घटलंच तर ते लगेच भरून काढायचं. असं का, ते समजायला जनुकांचा भाग नीट पाहावा लागेल.

एकाच घरात दोघींना आजार झाला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. घरात स्वयंपाकही एकच असतो आणि टोमणेही तेच असतात. म्हणून संशोधक जुळ्यांकडे वळतात. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी, द्विबीज जुळ्यांची सख्ख्या बहिणींइतकीच मिळतीजुळती, आणि घर दोन्हीकडे सामायिक. लंडनमध्ये 1984 साली ॲनोरेक्सिया असलेल्या जुळ्या मुलींच्या लहानशा गटाचा अभ्यास झाला. एकबीज जोड्यांपैकी निम्म्याहून अधिक जोड्यांत दोघींनाही आजार होता, द्विबीज जोड्यांत मात्र असं क्वचितच दिसलं. पुढे जुळ्यांच्या मोठ्या नोंदवह्या वापरून झालेल्या अभ्यासांत ॲनोरेक्सियाचा आनुवंशिक वाटा साधारण 50 ते 60 टक्के निघतो (काही अभ्यासांत 48, काहींत 74). बुलिमियाचा (भरमसाट खाऊन मग ओकून वगैरे ते बाहेर काढण्याचा विकार) आकडा याच आसपास आहे, बिंज ईटिंगचा (ताबा सुटून भरमसाट खाण्याचा विकार) थोडा कमी. दत्तक गेलेल्या मुलींच्या अभ्यासातही कल याच दिशेचा दिसला.

आता या टक्क्यांचा हमखास होणारा घोटाळा. 60 टक्के आनुवंशिक म्हणजे तुमच्या मुलीला 60 टक्के धोका, असं नाही. एखाद्या समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो. एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही. लंडनच्या त्या अभ्यासाकडे उलट बाजूनेही पाहा: जवळपास सारखीच जनुकं असूनही बऱ्याच एकबीज जुळ्या बहिणींना आजार झाला नव्हता.

तुमच्या घरापुरता हिशेब असा. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांनुसार स्त्रियांमध्ये आयुष्यभरात ॲनोरेक्सिया होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक आहे. रुग्णाच्या सख्ख्या नात्यातल्या स्त्रियांमध्ये, म्हणजे आई, बहीण आणि मुलगी यांच्यात, हा धोका अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका कुटुंब-अभ्यासात सुमारे अकरा पट दिसला. अकरा पट ऐकून छातीत धस्स होतं, पण मूळ आकडाच लहान आहे. अशा घरांतल्याही बहुतेक मुलींना ॲनोरेक्सिया होत नाही. शिवाय मावशी-भाचीचं नातं एक पायरी लांबचं, त्यामुळे तुमच्या मुलीचा धोका सख्ख्या नात्याहून कमी धरायचा. मात्र तुम्हाला स्वतःला कधी खाण्याचा विकार, तीव्र चिंताविकार किंवा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, झाला असेल तर तोही जमेला धरा. अशा घराण्यांत नेमका तोच आजार उतरतो असं नाही. एकीला ॲनोरेक्सिया, दुसरीला बुलिमिया आणि तिसरीला नुसतंच नैराश्य, असंही दिसतं.

जनुकांच्या पातळीवर सर्वांत भक्कम माहिती 2019 सालच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आली. 17 देशांतले 16,992 रुग्ण आणि 55,525 निरोगी माणसं यांचे नमुने त्यात तपासले गेले. संपूर्ण जनुकसंचात आजाराशी ठामपणे जोडलेल्या आठ जागा सापडल्या. त्यांतली तिसऱ्या गुणसूत्रावरची जागा जनुकांनी इतकी गच्च भरलेली आहे की नेमकं दोषी कोण हे ठरवणं अवघड आहे. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ. 'ॲनोरेक्सियाचं जनुक' असं काही नाही. शेकडो-हजारो बारीक फरकांची बेरीज आहे. त्याआधीची वीसेक वर्षं सेरोटोनिनशी किंवा मेंदूच्या वाढीशी संबंधित एखादंच जनुक निवडून छोट्या गटांत तपासलं जायचं, आणि त्यांतले बहुतेक निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. इंटरनेटवर अजूनही तेच फिरत असतात.

या अभ्यासातला खरा लक्षवेधी भाग पुढचा आहे. ॲनोरेक्सियाकडे झुकवणारे जनुकीय फरक मंत्रचळ, नैराश्य आणि चिंता यांच्या फरकांशी जुळले, हे अपेक्षितच होतं. पण शरीराच्या जास्त हालचालीशीही ते जुळले. आणि टाइप 2 मधुमेह, उपाशीपोटीचं इन्शुलिन, लेप्टिन (चरबीतून येणारं, भूक आवरणारं संप्रेरक), लठ्ठपणा यांच्याशी त्यांचं नातं उलटं निघालं. नुसत्या बारीक अंगकाठीचा परिणाम वजा केल्यावरही त्यातला काही भाग उरला. म्हणजे हा निव्वळ मनाचा आजार नाही, शरीराच्या चयापचयाचाही आहे. बुलिमिया आणि बिंज ईटिंगचं चित्र वेगळं आहे: तिथे वजन जास्त असण्याकडे आणि एडीएचडीकडे, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकण्याच्या विकाराकडे, झुकवणारे फरक अधिक दिसतात. 'खाण्याचे विकार' या एका शीर्षकाखाली वेगवेगळ्या शरीरधर्माची माणसं येतात, त्यामुळे सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही.

आता मुद्दा येतो तो उपाशी राहण्याचा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. ती माणसं चिडचिडी आणि खिन्न झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. यातल्या कोणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. ॲनोरेक्सियाची म्हणून ओळखली जाणारी बरीच लक्षणं ही मुळात उपासमारीची लक्षणं आहेत. फरक इथे आहे: बहुतेकांना भूक सहन होत नाही, संधी मिळताच ते खातात. ज्यांचा कल या आजाराकडे असतो त्यांच्यापैकी बरेच रुग्ण सांगतात की न खाल्ल्याने उलट शांत वाटतं, आतली धाकधूक कमी होते, अंगात स्फुरण येतं आणि खाल्लं की घालमेल होते. त्यांची चिंता बहुधा आजाराच्या आधीपासूनची असते, लहानपणापासूनची. अशा मुलीचं वजन एकदा ठरावीक पातळीखाली गेलं की न खाणं हेच तिचं औषध होऊन बसतं, आणि मग चक्र स्वतःच फिरत राहतं.

चक्र सुरू व्हायला डाएटच लागतं असं मुळीच नाही. टायफॉइड, डेंग्यू, दातांना बसवलेल्या तारा, हॉस्टेलचं न खाववणारं जेवण, स्पर्धेआधीचा रोज तीन तासांचा नाचाचा सराव, नवरात्रातले नऊ उपास, काहीही पुरतं. शरीराला फक्त इतकंच कळतं की खर्च जास्त आणि जमा कमी. आपल्याकडच्या अनेक रुग्ण मुली जाड होण्याच्या भीतीबद्दल बोलतही नाहीत. 'पोट जड वाटतं', 'भूकच नाही', 'गॅस होतो' एवढंच सांगतात, आणि घरचे महिनोन्महिने पोटाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारत राहतात. 'मला जाड व्हायचं नाही' हे वाक्य ऐकू आलं नाही म्हणून ॲनोरेक्सिया नाही, असं धरून चालू नका.

वयाचाही प्रश्न आहे. मिनेसोटातच जुळ्यांवर झालेल्या अभ्यासांत, खाण्याच्या बिघाडातला आनुवंशिक वाटा अकराव्या वर्षी, वयात येण्याआधी, जवळजवळ शून्य निघाला. वयात आल्यावर तोच निम्म्यापर्यंत गेला. स्त्री-संप्रेरकं या जनुकांना जागं करत असावीत असा त्याचा अर्थ लावतात. तुमची मुलगी नेमकी या उंबरठ्यावर आहे. आज ती व्यवस्थित जेवते याचा आनंद आहेच, पण त्यावरून पुढच्या तीन वर्षांचा अंदाज बांधू नका.

चाचणीचं. लाळ पाठवून 'तुमची आहारविषयक जनुकं' सांगणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. 2019 च्या अभ्यासातल्या सगळ्या फरकांची बेरीज करून काढलेला जोखमीचा गुणांकही रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फक्त 1.7 टक्के फरक समजावू शकला. एका मुलीबाबत निर्णय घ्यायला हा आकडा निरुपयोगी आहे. शिवाय तो अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाला, आणि असे गुणांक दुसऱ्या वंशाच्या लोकांना लावले की आणखी फसतात. आपल्या बाबतीत तर चयापचयाचा पायाच थोडा वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की इथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांहून पाऊण किलोने हलकी, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी होत नाही. इन्शुलिन आणि चरबी यांच्याशी जोडलेला युरोपीय हिशेब इथे जसाच्या तसा कसा लागू होईल?

चाचणीऐवजी एक मोठा कागद घ्या आणि तीन पिढ्यांचं घराणं मांडा, आईकडचंही आणि वडिलांकडचंही. 'कोणाला ॲनोरेक्सिया होता का' असं विचाराल तर उत्तर 'नाही' येईल, कारण तेव्हा ते नावच कोणी घेतलं नव्हतं. असं विचारा: लग्नाआधी कोण एकदम वाळली होती? कोणाची पाळी काही महिने बंद होती? कोणाचे उपास वाढत वाढत गेले? निदान न होताच क्षयाची औषधं कोणाला दिली होती? जेवण झालं की कोण न्हाणीघरात जायचं? बाहेरचं काही झालंय म्हणून कोणाला देवाला नेलं होतं? स्वच्छतेचं किंवा शिवाशिवीचं टोक कोणी गाठलं होतं? आत्महत्या, दारू, दीर्घ नैराश्य कोणाकडे? पुरुषांबद्दलही विचारा, व्यायामाच्या अतिरेकाबद्दल तर खासच. म्हाताऱ्या आत्यांना या गोष्टी बरोबर आठवतात. हा कागद कुठल्याही लाळेच्या चाचणीपेक्षा डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचा आहे.

मग लक्ष कशावर ठेवायचं? दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन घ्या, आणि बालरोगतज्ज्ञांकडे असलेल्या भारतीय मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर ते मांडून घ्या. ती ज्या रेषेजवळून चालली आहे तिथून खाली घसरू लागली की थांबा. या वयात वजन स्थिर राहणं म्हणजेच घट, कारण वयात येताना वर्षाला चार-पाच किलो वाढणं ही नेहमीची गोष्ट आहे. सहा महिन्यांत उंची वाढली आणि वजन जागच्या जागी, एवढं डॉक्टरकडे जायला पुरेसं कारण आहे. रोज काट्यावर उभं करू नका, त्याने उलट आकड्याचं वेड लागतं. मुलगी आधी अंगाने भरलेली असेल तर आणखी सावध राहा. 62 वरून 48 किलोवर आलेल्या मुलीचं घरी-दारी कौतुक होतं, आणि तिची नाडी मात्र 44 असू शकते. वजन 'नॉर्मल' दिसतं म्हणून हृदय सुरक्षित असतं असं नाही.

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात 10 ते 12 वर्षांच्या मुलीची रोजची गरज सुमारे 2,060 किलोकॅलरी आणि 13 ते 15 वर्षांच्या मुलीची 2,400 धरली आहे. नाचाचा सराव वाढला की खाणंही वाढायला हवं: आधी केळं-दूध, नंतर पोहे किंवा तूप-गुळाचा पोळीचा लाडू. तिला उपास नको. श्रावणी सोमवार नको आणि नवरात्रही नको. सगळे धरतात आणि हिला नाही, असं वाटत असेल तर डॉक्टरांनी मनाई केली आहे असं सरळ सांगा. घरातल्या मोठ्यांनी दिवसातून दोनदाच जेवायचं ठरवलं असेल तर ते त्यांचं त्यांच्यापुरतं; ताटावर बसून त्याची चर्चा नको. एखाद्या आजारातून उठली की पुढच्या चार-सहा आठवड्यांत गेलेलं वजन परत येतंय ना, तेवढं मोजा.

वजन उतरू लागलं तर समजूत काढत बसण्यात वेळ घालवू नका. किशोरवयीन मुलींसाठी सर्वांत चांगला पुरावा असलेली पद्धत म्हणजे लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात आकाराला आलेली कुटुंबाधारित उपचारपद्धती. तिची पहिली पायरी रोखठोक आहे. काय आणि किती खायचं हे काही काळ आईवडील ठरवतात, तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दर वेळी कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसून, आणि जेवणानंतर तासभर मुलगी एकटी नाही. लक्ष्य आठवड्याला अर्धा किलो. पहिल्या चार आठवड्यांत दोनेक किलो चढले तर पुढचा मार्ग बहुधा चांगला जातो. ताटातला भात वाढवण्यापेक्षा त्यावर तूप, चटणीत शेंगदाणे, दुधात साय असं केलं की आकार न वाढता ऊर्जा वाढते. वजन सकाळी, लघवी झाल्यावर, हलक्या कपड्यांत घ्या, कारण त्याआधी अर्धा लिटर पाणी पिऊन अर्धा किलो 'वाढवणं' ही सर्रास युक्ती आहे. आजी-आजोबांना आधीच बाजूला घेऊन सांगा. 'जाऊ दे, बिचारीला नको तर नको' या एका वाक्याने आठवड्याची मेहनत जाते.

एक चूक जिवावर बेतते. फार खालावलेल्या मुलीला अशक्तपणा म्हणून जवळच्या दवाखान्यात नेतात आणि ग्लुकोजचं सलाईन लावून घेतात. उपाशी शरीरात अचानक साखर गेली की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. फॉस्फेट घसरलं की श्वासाचे स्नायू आणि हृदय दोन्ही डगमगतात. म्हणून आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व), मग बेताने आहार, आणि पहिले आठ-दहा दिवस रक्ततपासण्या पुन्हापुन्हा. पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलीला घरच्या घरी किंवा नुसत्या सलाईनवर सावरायचा प्रयत्न करू नका.

मुलीला मावशीबद्दल सांगताना तिची 31 किलोची गोष्ट सांगू नका. काटेकोर स्वभावाच्या मुलीला आकडा म्हणजे आव्हान वाटू शकतं. फोटो दाखवू नका. इतकं पुरे: "आपल्या घरात काहींच्या शरीराला उपाशी राहणं मानवत नाही. मावशीला त्याने मोठा आजार झाला होता, उपचार घ्यावे लागले. म्हणून आपण जेवण चुकवत नाही. कधी खाताना भीती वाटली किंवा न खाऊन छान वाटलं, तर मला सांग." शेवटचं वाक्य गाळू नका. न खाऊन छान वाटतं हे ती आपणहून सांगणार नाही, कारण त्यात काही बिघडलंय असं तिला वाटतच नाही. बहिणीशी बोलताना मात्र तिच्यामुळे हे आलं, असा सूर लागू देऊ नका. जनुकं तुम्हा दोघींकडे एकाच आईवडिलांकडून आली आहेत. आणि गरोदरपणात तुम्ही धरलेल्या उपासांचा याच्याशी संबंध जोडणारं कोणी भेटलं, तर तसं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही.

मुलाचं वेगळं आहे. चार-पाचच पदार्थ खाणं, पोत किंवा वास नको म्हणून ताट ढकलणं, याला वजनाची भीती कारणीभूत नसते. प्रमाणाबाहेर गेलं तर त्याला एआरएफआयडी, म्हणजे अन्न टाळण्याचा किंवा मोजकंच खाण्याचा विकार, म्हणतात. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या 2023 सालच्या अभ्यासात त्याचा आनुवंशिक वाटा 79 टक्के निघाला, म्हणजे 'आईने लाडावून ठेवलंय' ही ओरड बहुतेक वेळा चुकीच्या दारात पडते. त्याची वाढ रेषेवर असेल तर नवा पदार्थ पुन्हापुन्हा, चिमूटभर, आग्रह न करता ताटात ठेवत राहणं एवढंच पुरेसं. रेषा सोडली, किंवा यादी आणखी आखडत चालली, तर दाखवा.

कधी घाई करायची: जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली, वरचा रक्तदाब 90 च्या खाली, उभं राहताना चक्कर, पाणीही नको, सतत ओकाऱ्या, किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणं. यांतलं एकही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. एरवी पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची. झोपून आणि उभं राहून नाडी-रक्तदाब, इसीजी, पोटॅशियम-फॉस्फेट, आणि सोबत थायरॉइड, सिलियॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार), क्षय, मधुमेह वगळणाऱ्या तपासण्या करून घ्या. वजन घटण्याची ही कारणंही खरी असू शकतात. त्यानंतर किशोरवयीन मुलांचं काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ. गावात कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोन निःशुल्क आहे आणि जवळच्या सेवेचा पत्ता तिथून मिळतो. पहिल्या भेटीला वाढीच्या नोंदी आणि घराण्याचा तो कागद बरोबर न्या, आणि मुलीला बाहेर बसवून डॉक्टरांशी दहा मिनिटं वेगळं बोलायची वेळ आधीच मागून ठेवा.